आतेची बदके

दिवाळी अंकात चकल्या-करंज्या सोडून ही बाई अंड्यांची टोपली घेऊन कुठे बसली, असे काही भगिनींच्या मनात येईल. येऊ द्या. चकल्यांवर मी या सदरात इतकी वर्षे इतके लिहिले आहे, की आमच्याच घरी आता चकल्या विकतच्या येतात. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांनी खुशाल पान उलटावे. पुढे राशिभविष्य आहेच.

बाकीच्यांना माझी आते ठाऊक आहे. आंबोशी कशी टिकवावी, उकड्या तांदळाची पेज आजाऱ्याला कशी द्यावी, हे सारे मी तिच्याच जिवावर लिहिते आणि नाव माझे होते. मालवणहून धामापूरच्या वाटेला लागले की पाचसहा मैलांवर तिचे घर. पुढे खळे, मागे मांगर, कुंपणाला लागून व्हाळ. वय शहात्तर. एकटी राहते. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, डोंबिवलीला असतो, आणि गेली चार वर्षे त्याचा एकच धोशा आहे : आईने आता इकडे यावे. यंदा आषाढात त्याने हे काम माझ्या गळ्यात घातले. "तुझं ती ऐकते," म्हणाला. आतेने कधी कोणाचे ऐकल्याचे माझ्या तरी आठवणीत नाही. पण तिकीट त्याने काढून दिले होते आणि मला चार दिवस घरच्या स्वयंपाकातून सुटका हवी होती. मी कुडाळला उतरले.

पाऊस कोसळत होता. घराशी पोचले तो खळ्यात कोंबड्या नाहीत. एरवी त्या ओटीवर, उंबऱ्यात, कधी कधी माझ्या पिशवीतही असायच्या. त्यांच्या जागी सात बदके एकामागून एक अशी व्हाळाकडून येत होती. पावसात भिजत, पण वरातीला निघाल्यासारखी खुशीत. सहा माद्या आणि एक नर.

"कोंबड्या कुठे गेल्या?" मी विचारले.

"मेल्यो," आते म्हणाली. "कोंबड्यो मेल्यो म्हणान माणसान काय हात जोडून बसाचा?"

झाले होते असे. दोन वर्षांपूर्वी गावात मानमोडी आली. ज्यांनी हा रोग पाहिला नसेल त्यांना सांगते : कोंबडी खाणे सोडते, हिरवट हगते, मान पिळवटून पाठीवर टाकते, आणि सकाळी खुराडे उघडले की पडलेली सापडते. पशुवैद्य याला रानीखेत म्हणतात. १९२०नंतरच्या दशकात आपल्या देशात तो हिमालयातल्या त्या गावी ओळखला गेला म्हणून. याला लस आहे, पिल्लांच्या डोळ्यांत नुसता थेंब टाकायचा असतो. पण लशीची कुपी येते शंभर कोंबड्यांची, आणि फोडली की ती थोड्या वेळातच संपवावी लागते. सतरा कोंबड्यांची धनीण शंभरांची कुपी कशाला फोडील? आतेने फोडली नाही. सतरांपैकी चौदा कोंबड्या आठ दिवसांत गेल्या.

आता सतरा कोंबड्या म्हणजे काही मोठी इस्टेट नव्हे, हे मलाही कळते. दादा दरमहा पैसे पाठवतो. ते बँकेत जमा होतात आणि आते त्यांना हात लावत नाही. विचारले की, 'ते त्याचे आहेत' म्हणते. अंड्यांचे पैसे मात्र तिचे. ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. देवळातले तेल, फोनचा रिचार्ज, माहेरवाशिणीच्या हातावर ठेवायची नोट, सगळे त्या डब्यातून निघते. कोंबड्या गेल्या आणि डबा रिकामा झाला. त्या वर्षी चतुर्थीला आतेने भाच्यांच्या मुलांना दहा-दहा रुपये दिले नाहीत, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नव्हते. तिच्या ते लक्षात होते.

बदकाला मानमोडीचा त्रास सहसा होत नाही, एवढे कोणीतरी तिला सांगितले, आणि तिने बदके आणली. त्यांची त्यांची दुखणी असतात, नाही असे नाही. डक प्लेग नावाची साथ आली तर तीही खुराडे रिकामे करते. पण पाऊस त्यांना बाधत नाही. मिरगापासून कोंबडी कोपऱ्यात पिसे फुगवून बसते आणि अंडे देण्याचे विसरते. बदकाचे तसे नाही. आतेच्या सहा माद्या रोज चार-पाच अंडी देत होत्या, आणि तीही पहाटे, उजाडायच्या आत. आठ-नऊ वाजेपर्यंत त्यांना मांगरातच कोंडून ठेवायचे, हे आते शिकली होती. लवकर सोडले की ती व्हाळात जाऊन अंडी घालतात, आणि मग ती मुंगसाच्या नशिबी.

पहिल्या सकाळी मी मोठ्या ऐटीत म्हटले, आज ऑम्लेट मी करते. अंडे हातात घेतले तेव्हाच वजनाचा फरक कळला. पुढे मी काट्यावर टाकून पाहिले : सत्तर ग्रॅमच्या आसपास. गावठी कोंबडीचे अंडे चाळीसला येऊन थांबते, दुकानातले पन्नास-पंचावन्नपर्यंत. कवच जाड, फोडताना कढईच्या काठावर दोनदा आपटावे लागले. बलक मोठा आणि लालसर केशरी. मी नेहमीसारखे कांदा-मिरची घालून फेटले, तापल्या तव्यावर ओतले, वरून झाकण. दोन मिनिटांनी उलटले तेव्हा तव्यावर ऑम्लेट नसून चपलेचा तळ होता.

"ह्या काय चामड्याचा केलंस गो?" आतेने एक घास चावून पाहिला. "तू मुंबैत लिवतंस तां लोका खरा मानतत?"

मी गप्प. तिने दुसरे केले. दोन अंडी, त्यांत चार चमचे नारळाचे दूध, चूल मंद, तवा नुसता कोमट. "बदकाच्या अंड्याक जाळ सोसना नाय. वायच दमान घे." कारण साधे आहे. या अंड्यातला पांढरा भाग घट्ट असतो आणि त्यात पाणी कमी. जाळ मोठा झाला की तो आवळतो आणि रबर होतो. मंद आंचेवर मात्र बलकाच्या स्निग्धतेने सारे मऊ राहते. तिचे ऑम्लेट आंबोळीसारखे लुसलुशीत झाले होते. माझे नराने खाल्ले.

आता वासाविषयी. बदकाच्या अंड्याला हिंवस वास येतो ही तक्रार खरी आहे आणि खोटीही आहे. आतेने पहिल्या महिन्यात बदकांना मासळी साफ केल्यावरची घाण घातली. फुकटचे खाद्य, बदके खूश. अंडी उकडली की घरात बांगडा उकडल्याचा वास. मग तिने ते बंद केले. कोंडा, कणी, पेजेचे उरलेले शीत आणि बाकी व्हाळातल्या गोगलगाई, किडे. काही दिवसांत वास गेला. म्हणजे अंडे काय खाते ते नव्हे, अंडे घालणारी काय खाते ते पाहावे. तरी कोंबडीच्या अंड्यापेक्षा चव उग्रच, त्यामुळे साध्या उकडलेल्या अंड्यावर मीठ-मिरी भुरभुरून ते खपत नाही. त्याला मालवणी वाटपच पाहिजे.

ती कृती देते. चार अंडी थंड पाण्यात घालून चुलीवर ठेवावी, उकळी आल्यावर बारा मिनिटे. लगेच गार पाण्यात टाकून सोलावी. सुके किंवा ओले खोबरे आणि उभा चिरलेला कांदा वेगवेगळे खरपूस भाजून, आठ-दहा लसणीच्या पाकळ्या आणि आले घालून पाट्यावर गंधासारखे वाटावे. (मिक्सर चालेल, आतेला सांगू नका.) तेलात कांदा परतून हळद, दोन मोठे चमचे मालवणी मसाला, मग वाटप, मग पाणी. चांगली खळखळून उकळी आली की तीन-चार कोकमे. तिरफळ घालू नये, ते बांगड्याचे. अंड्यांना सुरीने उभ्या चिरा देऊन सोडावीत, म्हणजे रस आत जातो. वरून मीठ, झाकण, दहा मिनिटे. वडे असले तर उत्तम, नसले तर उकड्या तांदळाचा भात.

अंडी कच्चीच फोडून रश्शात सोडण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती इथे मी सांगत नाही. बदक चिखलात वावरते. त्याच्या अंड्याच्या कवचावर आणि क्वचित आतही साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. इंग्लंडात २०१०मध्ये अशा अंड्यांनी बरीच माणसे आजारी पाडली होती. बलक पुरता घट्ट होईपर्यंत शिजले की भय उरत नाही. हाफ-बॉइल, कच्च्या अंड्याचे मेयोनेज, दुधात फेटून पैलवानाला द्यायचे अंडे, हे सगळे बदकाच्या बाबतीत वर्ज्य. अंडी धुवायची तीही वापरायच्या वेळीच. आधी धुऊन ठेवली तर कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि ती लवकर बिघडतात.

आणखी एक. आमच्या घरी यजमानांचे कोलेस्टेरॉल हा कौटुंबिक विषय आहे, म्हणून मी आकडे पाहिले. कोंबडीच्या एका अंड्यात ते साधारण १८५ मिलिग्रॅम असते, बदकाच्या एका अंड्यात सहाशेच्या वर. बी-१२ जीवनसत्त्वही कितीतरी पट जास्त, हे खरे. पण यजमानांना मी फक्त पहिला आकडा सांगितला. आणि कोंबडीच्या अंड्याने ज्यांच्या अंगावर पित्त उठते त्यांनी हे चालेल अशा भरवशावर राहू नये. पुष्कळांना दोन्ही बाधतात.

दादाचा रोज रात्री फोन. तिसऱ्या दिवशी त्याने नवीनच मुद्दा काढला. बदकांपासून बर्ड फ्लू होतो! त्याचे अगदीच चूक नव्हते. २००६च्या फेब्रुवारीत आपल्या नवापूरला हा रोग देशात प्रथम सापडला तेव्हा कोंबड्या लाखांनी मारून पुरल्या आणि मुंबईत अंड्याला कोणी हात लावीना. २०२१च्या जानेवारीत परभणीकडे तो पुन्हा आला, त्याच महिन्यात केरळात आलप्पुळा-कोट्टयमकडे बदकांचे कळपच्या कळप मारावे लागले. बदक कधी कधी तो विषाणू अंगावर घेऊन हिंडते आणि आजारी दिसत नाही, हेही खरे. पण शिजवल्यावर सत्तर अंशांपुढे तो टिकत नाही. खुराडे झाडल्यावर हात साबणाने धुवावे, आणि पक्षी पटापट मरू लागले तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. हे सगळे मी दादाला सांगितले. "म्हणजे तू पण तिच्याच बाजूची," म्हणून त्याने फोन ठेवला.

मी कोणाच्याच बाजूची नव्हते. रात्री आते उठून पाण्यासाठी जाताना ओटीची भिंत धरते, ते मी पाहिले होते. पायरीवर शेवाळ असते. शेजारी म्हणावेत तर त्यांच्याशी नेमके बिनसलेले. जूनच्या अखेरीस तिची बदके शेजारच्या भाऊंच्या तरव्यात शिरली आणि लावणीला आलेली रोपे त्यांनी पावलांखाली चेचली. आतेने नुकसानीदाखल सहा अंडी पाठवली. ती त्याच वाटीतून परत आली. जपानात ताकाओ फुरुनो नावाच्या शेतकऱ्याने भातातच बदकाची पिल्ले सोडून तण आणि किडी आटोक्यात आणल्या; रोप रुजल्यावर सोडायची आणि लोंबी यायच्या आत बाहेर काढायची, असा त्याचा हिशेब. मी हे भाऊंना कुंपणावरून सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तो जपानी हय येऊन तरवो लावून दितलो काय?" ते अजून बोलत नाहीत.

पाचव्या दिवशी मी विषय काढलाच. आते मांगरात होती. वाचलेल्या तीन कोंबड्यांतली एक रवणीला बसली तेव्हा आतेने तिच्याखाली बदकाची सहा अंडी ठेवली होती, कारण भरपूर अंडी देणाऱ्या जातींचे बदक स्वतः रवणीला सहसा बसत नाही. कोंबडीचा नेम एकवीस दिवसांचा, बदकाला लागतात अठ्ठावीस. तरी ती बिचारी आणखी आठवडाभर बसली आणि चार पिल्ले निघाली. आता ती चारही व्हाळात होती आणि कोंबडी काठावर पंख आपटत नुसती ओरडत होती.

"ती बोंबलतली आणि ही पेवतली," आते म्हणाली. "रोजचाच आसा."

मी म्हटले, "आते, दादाला काळजी वाटते गं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या बाजार आसा. तीस अंडी जमली हत. तुझ्या दादाक सांग, सगळी इकली गेली नाय तर येतंय डोंबिवलेक."

ती हे गमतीने म्हणाली की खरेच, ते मला अजून कळलेले नाही. मात्र रात्री तिने दोन साड्या घडी करून वेगळ्या ठेवल्या, ते मी पाहिले.

मालवणच्या बाजारात आम्ही सकाळी आठला बसलो. भाताच्या तुसात रचलेली अंडी, वर प्लॅस्टिकचा कागद. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना समुद्र बंद असतो. ताजी मासळी नाही, सुक्या बांगड्यांचा कंटाळा आलेला, आणि श्रावण यायला थोडेच दिवस. अंडी खपायला याहून चांगला मोसम नाही. गावठी अंडे पंधरा रुपयांना जात होते. आतेने बदकाचे बारा लावले. दीड तासात आमच्याकडे बऱ्याच बाया थांबल्या. "कसली गो ही?" "बदकाची." एकीने सांगितले, फार गरम असतात. दुसरीने सांगितले, फार थंड असतात, पोरांना सर्दी होते. तिसरी म्हणाली, वास येतो. चौथी नुसती हसली. शेजारच्या बाईची गावठी अंडी दहाच्या आत संपली आणि ती टोपली झटकून घरी गेली. आते ताठ बसली होती. मला तिच्याकडे पाहवेना. दोन घड्या घातलेल्या साड्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

तेवढ्यात एक विशीतला पोरगा थांबला. अंगावर सिमेंटचे डाग. वाकून अंडे हातात घेतले, कानाशी हलवले, आणि त्याचा चेहराच बदलला. "मौसी, ये हांस का डिम है?"

"हंस?" आते म्हणाली. "हंस खंय गावतलो माका? बदक का हाय, बदक का!"

मग उलगडा झाला. पोरगा बंगालचा, गवंडीकामाला आलेला. बदकाला त्यांच्याकडे हांस म्हणतात. तिकडे कोंबडीचे अंडे नाइलाजाने खातात आणि हांसचे आवडीने. त्याने बारा अंडी घेतली, भाव केला नाही. आतेने त्याला बसवून घेतले आणि त्याची आई कशी करते ते विचारले. उकडून, सोलून, हळद-मीठ चोळून आधी मोहरीच्या तेलात तांबूस तळायची, मग बटाट्याबरोबर रश्शात. आतेने दोन वेळा विचारून घेतले. तो हिंदी बोलत होता, ती मालवणी. मी मध्ये पडण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

नंतर एका खानावळवाल्याने, एक फोडून बलक पाहून, दहा घेतली. भुर्जीला रंग चांगला येईल म्हणाला. एका म्हातारीने नातवासाठी दोन. बारा वाजता पाऊस आला, बाजार उठला. टोपलीत सहा उरली.

वाटेत रिक्षात मी काही बोलले नाही. घरी आल्यावर आतेने तीनशेच्या आसपासचे पैसे दोनदा मोजले, डब्यात टाकले, आणि टोपली माझ्यापुढे सरकवली.

"सहा उरली," मी म्हटले.

"उरली कशी? ती इकूक हाडलीच नव्हती. ती तुका व्हरूक."

रात्री तिने त्यांतली दोन काढून त्या बंगाली पोराच्या आईच्या पद्धतीने केली, फक्त मोहरीच्या तेलाऐवजी खोबरेल. तळल्याने अंड्याला खरपूस साल येते आणि रस्सा तिला धरून राहतो. वाटपाच्या कृतीत मी आता हा बदल कायमचा केला आहे, तुम्हीही करावा. उरलेली चार मी तुसात बांधून आणली. दोनांचा केक केला. तीन कोंबडीच्या अंड्यांच्या जागी दोन पुरतात, पांढरे फेटताना मात्र लिंबाचे चार थेंब घालावे लागतात, नाहीतर फेस उभा राहत नाही.

दादाचा फोन आला तेव्हा त्याने एकच विचारले, किती विकली. मी सांगितले, होती तेवढी.

परवा आतेकडून निरोप आला, चारांपैकी दोन पिल्ले नर निघाली. आणि ओटीच्या भिंतीला लाकडी कठडा बसवून घ्यायला एक सुतार येऊन माप घेऊन गेला आहे. त्याचे पैसे दादा देणार असे ठरले होते. आते म्हणते, अर्धे.